तुतीच्या आडोशाला

नोकरीची शेवटची तीन वर्षं उरली की माणसाला घराजवळची सोपी जागा मिळते, असा आमच्याकडं एक समज आहे. मला गांजाचं गाव मिळालं.

मी रेशमाच्या कामातला माणूस. शेतकऱ्याला तुती लावायला सांगायची, तुतीचा पाला खाणाऱ्या अळ्या त्याच्याकडून वाढवून घ्यायच्या, अळ्यांनी कोष विणले की ते बाजारापर्यंत पोचवायचे, एवढंच मला येतं. तीस वर्षं सातारा आणि सांगलीत हेच केलं. ज्यांना तुती लावायला लावली त्यातल्या निम्म्या लोकांनी पुढं ती उपटून ऊस लावला. पहिल्या पहिल्यांदा वाईट वाटायचं. नंतर तेही वाटेनासं झालं.

शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटाशी एक वस्ती आहे. तिथं उसाच्या मधोमध चार सऱ्या सोडून गांजा लावलेला सापडला. आठ घरांतले आठ पुरुष पोलिसांनी नेले आणि काही महिन्यांनी ते जामिनावर सुटून आले. मग सांगलीत एक बैठक झाली. नुसतं पकडून भागत नाही, या लोकांना दुसरं काहीतरी करायला दिलं पाहिजे, असं एक मोठे साहेब म्हणाले. बरोबरच म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दुसरं काहीतरी म्हणजे मी होतो.

मला उत्साह नव्हता हे कबूल करतो. गुडघे बोलायला लागले होते, आणि माधवनगरहून त्या वस्तीपर्यंत मोटारसायकलवर जाऊन यायचं म्हणजे दुसरा दिवस अंथरुणातच जायचा. बायको म्हणाली, "तुम्हीच का?" हा प्रश्न तिनं मला प्रत्येक बदलीला विचारलाय.

पहिल्या दिवशी देवळापुढं माणसं जमली. गांजा हा शब्द त्या वस्तीत कुणी उच्चारत नाही, हे तिथंच लक्षात आलं. त्याला 'ते' म्हणायचं. 'ते लावलं तवा', 'ते निगालं तवा'. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तशातला प्रकार. मी चुकून दोनदा तो शब्द बोललो तर म्हातारी माणसं दुसरीकडं बघायला लागली. मग मीही 'ते' म्हणू लागलो. इतक्या लवकर माणूस कसा सामील होतो, याचं मला अजून नवल वाटतं.

'ते' का लावत होते, हे त्यांनी सरळ सांगितलं. भुईमूग माकडं उपटून नेतात. ऊस रानडुकरं लोळवतात, आणि अधूनमधून गवे येऊन उरलेला तुडवून जातात. 'त्या'ला मात्र कुणी तोंड लावत नाही, पाणीही फार लागत नाही, आणि न्यायला माणूस बांधावर येतो. या तिन्ही गोष्टी मला तुतीबद्दल छातीवर हात ठेवून सांगता आल्या नसत्या. तरी मी सांगितलं. तारेचं कुंपण मिळेल, शेड बांधायला मदत मिळेल, अळ्या मी स्वतः आणून देईन. लोक ऐकत होते. पालथ्या घड्यावर पाणी, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात मागून एका बाईनं विचारलं, "अळ्या आनल्यापास्नं कोष व्हईपातुर किती दिस?"

पन्नाशीची, उंच, अंगानं वाळकी. तीन आठवड्यांच्या आसपास, असं मी म्हणालो. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. सभेत तेवढा एकच प्रश्न आला, म्हणून मी तिच्या घरी गेलो.

तिचा नवरा मुंबईत पोती वाहायचं काम करून पाठ मोडून घेऊन गावी आलेला. अंगणात खाटेवर उताणा पडून तो माझ्याशी बोलला. माणूस वाईट नव्हता. विनोदी होता, आणि जेलात जाऊन आल्याचं त्याला फार काही वाटलेलं दिसत नव्हतं.

"साहेब, मी न्हाई लावलं तर पलीकडचा लावंल," तो म्हणाला. "झाड काय कुनाचं घर इचारून उगवतंय व्हय?"

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "मला पुन्यांदा पोलिसाची गाडी दारात नगं."

मी तिला विचारलं, वहिनी, तुम्ही कराल का? ती म्हणाली, करीन. नवरा म्हणाला, करू दे, पण एकच बॅच. अळ्यांच्या एका खेपेला आम्ही बॅच म्हणतो, तो शब्द त्यानं माझ्याकडून उचलला. "एक बॅच बघतो. आली तर तुमचं खरं. न्हाई आली तर आखाडात मी माजं लावनार. मग मला कुनी बोलायचं न्हाई." तिनं मान हलवली. सौदा ठरला तो असा, आणि साक्षीला मी.

आता माझी हुशारी सांगतो. जमीन बाईच्या नावावर असली तर यादीत नंबर आधी लागतो, अशी आमच्या योजनेत सोय होती. मी नवऱ्याला म्हटलं, वरचा एक एकर वहिनींच्या नावावर करा. अशा ठिकाणी पुरुष महिनोन् महिने अडून बसतात, मला अनुभव आहे. हा लगेच तयार झाला. तलाठ्याकडं मी स्वतः बरोबर गेलो. सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं त्या दिवशी तिनं मला आग्रहानं जेवायला बसवलं आणि भाकरीवर घरचं लोणी घातलं. परत येताना रस्ताभर मी स्वतःवर खूश होतो. सही करताना तो हसला होता का, हे नंतर मी पुष्कळदा आठवून पाहिलंय.

तिचं बघून उरलेली सात घरंही तयार झाली. तुती वाढली. शेड झाली. अळ्या आणायच्या आधी मी आठही घरांना पाच दिवस शिकवलं. रेशमाची अळी फार नाजूक असते. घाणेरडे हात, औषधाचा फवारा, ऊन, ओला पाला, कशानंही जाते. पण सगळ्यांत वाईट म्हणजे तंबाखू. तंबाखूचा अंश पाल्याला लागला, नाहीतर त्याचा धूर शेडमध्ये शिरला, तर अळी मान टाकते. मी आवाज चढवून सांगितलं, तंबाखू, गुटखा, पान, विडी, यातलं काही घेऊन कुणी शेडजवळ फिरकायचं नाही. पुरुषांनी तोंडं वाकडी केली आणि चंच्या कमरेतून काढून देवळाच्या पायरीवर ठेवल्या. बायका एकमेकींकडं बघून हसत होत्या. पुरुषांची खोड मोडणारा कुणीतरी भेटला, म्हणून हसत असतील असं मला वाटलं. मीही हसलो.

चैत्रात मी ट्रे गाडीला बांधून अळ्या नेल्या. त्या बाईचं काम बघून मला माझंच शिकवणं थोर वाटायला लागलं. पाय धुतल्याशिवाय आत नाही. दिवसातून तीनदा पाला. खिडकीच्या जाळीला ओलं पोतं. नवऱ्याला तिनं कुंपणाच्या बाहेर उभं केलं होतं, आणि तो खरोखरच तिथं उभा राहून तंबाखू मळायचा, चूळ भरायचा आणि मगच आत यायचा.

"लेकरापरीस अवगड हाय," ती मला म्हणाली. "लेकरू रडतंय तरी. ह्यांचं काय दुखतंय ते समजंनाच."

चौथी कात टाकून झाली. आता सात-आठ दिवस अळी नुसती खाते आणि मग कोष विणायला लागते. म्हणजे पीक हाताशी आलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "साहेब, माना हलवाय लागल्यात."

मी पोचलो तोवर निम्म्या अळ्या गेल्या होत्या. उरलेल्या अर्धं अंग वर उचलून इकडून तिकडं डोलत होत्या आणि तोंडातून हिरवं पाणी टाकत होत्या. हा रोग नव्हे, हे मला दारातच कळलं. मी नवऱ्याला बाजूला घेतलं. फवारणी केली का कुणी शेजारी? नाही. मग तंबाखू? तो भडकला. सदऱ्याचे दोन्ही खिसे त्यानं माझ्यापुढं उलटे केले. "कुत्र्यावानी बाहीर उभा ऱ्हातोय म्हैनाभर, आनि तुमी मलाच इचारताय?"

तेवढ्यात मला वास आला. शेडच्या भिंतीला लागून, अगदी जाळीखाली, तीन दगडांची चूल होती. चुलीवर तवा, आणि तव्यात काळी पूड निवत ठेवलेली. पलीकडं हातभर अंतरावर सकाळी कापलेल्या तुतीच्या फांद्या ओल्या पोत्याखाली झाकलेल्या.

"वहिनी, हे काय?"

"मिसरी," ती म्हणाली. "सपली हुती, म्हून सकाळच्याला भाजली. हितं अळ्यांकडं ध्यान ऱ्हातंय, म्हून हितंच चूल मांडली."

"हा तंबाखू आहे, वहिनी."

ती म्हणाली, "आवं, तंबाखू कुठला? मिसरी हाय. दाताला लावायची."

तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना घासायचा, ही मिसरी. भाजताना सगळ्या गल्लीला ठसका लागतो. त्या वस्तीत मिसरी न लावणारी बाई शोधून सापडली नसती. सगळ्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट काळं. ते बोट मी पाच दिवस शिकवताना बघत होतो. त्याच हातांनी पाला कसा पसरायचा, हे मी त्यांना दाखवत होतो.

मी त्यांना कशाला हसू? माझी आई मिसरी लावायची. माधवनगरला गिरणीच्या चाळीत सगळ्याच लावायच्या. परसात चार बायका मिळून भाजायच्या आणि आम्हा पोरांना त्या धुरात खोकला यायचा. माझ्या आईला कुणी तंबाखू खाणारी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. तंबाखू पुरुष खातात. बायका दात घासतात. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि इतकं पक्कं ठाऊक होतं की पाच दिवसांत मिसरी हा शब्द माझ्या तोंडात एकदाही आला नाही. आत्ता समजलं, त्या बायका हसत होत्या कारण माझ्या यादीत त्या नव्हत्याच.

मी उरलेल्या सात घरांना तिथूनच फोन लावले. तवे उचला, हात साबणानं धुवा, मिसरीचा डबा शेजारणीकडं नेऊन ठेवा. त्यांच्या अळ्या वाचल्या. माझी चूक एकटीच्या अंगावर गेली.

खड्डा नवऱ्यानं खणला. वाकलेल्या पाठीनं, मध्ये मध्ये थांबत. मी फावडं मागितलं तर दिलं नाही. तो चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. अळ्या पुरून वर चुना टाकला आणि तो म्हणाला, "ठरल्यापरमानं आता माजं."

ती शेडच्या पायरीवर बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, वहिनी, चूक माझी आहे, मी सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "तुमी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं." यात राग नव्हता. नुसतं खरं होतं ते. मला फार लाज वाटली. इतक्या वर्षांत अनेक ठिकाणी पिकं गेली, पण दरवेळी पाऊस, रोग, भाव असं कुणीतरी मध्ये असायचं. या वेळी मध्ये कुणी नव्हतं.

ऑफिसला मी लिहून दिलं की अळ्या उष्णतेनं गेल्या. शेतकऱ्याचा हलगर्जीपणा लिहिला असता तर तिला पुन्हा अळ्या मिळाल्या नसत्या. माझा हलगर्जीपणा लिहायला फॉर्मवर जागा नसते. असती तर लिहिला असता का, तेही सांगता येत नाही.

तिनं मिसरी सोडली. तीस-पस्तीस वर्षांची सवय. पंधरा दिवस डोकं धरून बसायची. हिरड्या सुजल्या, बोलताना चिडायला लागली. "भितीवर डोस्कं आपटावं वाटतंय," असं म्हणाली आणि लगेच पाला कापायला गेली. दुसऱ्या बॅचला मी आठवड्यातून तीनदा जात होतो. गुडघ्यांना सांगून टाकलं होतं, की गप बसा. त्या बॅचचे कोष पांढरेशुभ्र, टणक, एकसारखे आले. तिनं एक कोष कानापाशी नेऊन हलवला. आतला किडा खुळखुळतो, त्यावरून कोष पक्का झाला की नाही ते समजतं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मी म्हटलं, सगळे हलवणार का? ती म्हणाली, "हलवू द्या की. लय दिसांनी कायतरी धडकं घरात आलंय." तिचा नवरा कोषांच्या पोत्यापाशी उभा होता. "बेस हाय," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडूपणा काही नव्हता. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतरची बॅच नागपंचमी उलटल्यावर घेतली. तुतीचे आम्ही दोन तुकडे पाडतो. एकाच्या फांद्या कापून अळ्यांना घालायच्या, तोवर दुसरा वाढू द्यायचा. त्या दिवशी मी पोचलो तर ती शेडमध्ये नव्हती. वरच्या तुकड्यातून तिनं हाक मारली. तुती डोक्याच्या वर गेली होती. ओळींमधून वाकत वाकत मी आत शिरलो. ती विळा हातात धरून उभी होती.

तुतीच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत, माझ्या कमरेला लागतील अशी ती झाडं होती. खुरपलेली, पाण्याची सोय केलेली. माझ्या योजनेतली ठिबकची नळी तिथवर नेलेली होती.

"हा दुसरा डाव," ती म्हणाली. "म्हागल्या बॅचला बारकी हुती. मी उपटून टाकली. मालकानं पुन्यांदा लावली."

मी खाली बसून एक पान चुरगाळून वास घेतला. नियम मला पाठ आहे. असं काही दिसलं तर तिथून हलायच्या आधी वर कळवायचं. मी कळवलं की पोलीस येणार, आणि पोलीस आधी सातबारा बघणार. सातबाऱ्यावर नवरा नाही. त्याच्यावर आधीची एक केस आहे, दुसरी नको म्हणून तो नामानिराळा. नाव तिचं, आणि ते चढवायला तलाठ्याच्या दारात मी उभा होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. फक्त हात माझा होता आणि अवलक्षण तिचं.

बांधावर तो येऊन उभा राहिला होता. मी वर बघून म्हणालो, "जमीन वहिनींच्या नावावर आहे, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय की," तो म्हणाला. "तुमीच तर केली."

"एक बॅच चांगली आली, दुसरी येतेय. आता कशाला?"

"आली की. मी कुठं न्हाई म्हनतोय?" त्यानं पाठीला हात लावला आणि सावकाश खाली बसला. "तुती लय चांगली हाय साहेब. उसात वरनं दिसायचं. त्ये यंत्र फिरवत्यात आता आभाळात. हितं सरकारची पाटी हाय कुंपनाला. हिकडं कोन बघतंय?"

मी एक झाड धरलं आणि ओढलं. निघालं नाही. तिनं विळ्यानं बुडाची माती सैल करून दिली. मग तिनं सैल करायची आणि मी ओढायचं, असं आम्ही सुरू केलं. ऊन डोक्यावर आलं. एक ओळ संपली की मी हातावर टेकून उठायचो. त्यानं अडवलं नाही, मदतही केली नाही. उपटलेली झाडं आम्ही शेणखताच्या खड्ड्यात तळाशी दाबली आणि वर शेण लोटलं. माझ्या नोकरीत मी केलेला हा पहिला गुन्हा. माझ्या अंगात इतकंही त्राण उरलं नव्हतं, की त्याची भीती वाटावी.

भेटीच्या वहीत मी लिहिलं, 'तुतीची पाहणी केली. वाढ समाधानकारक.'

हौदावर हात धुताना मी तिला म्हणालो, "परत लावतील ते."

"लावंल की," ती म्हणाली. "मी बी परत उपटीन. जलमभर भांगलान केली, त्यातलंच हे एक." भांगलण म्हणजे पिकातलं तण काढणं. आमच्याकडं ते बायकांचंच काम, आणि ते कधी संपल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

त्यानंतर मी तिथं जाण्याआधी तिला फोन करू लागलो. वस्तीवरच्या बाकी घरी कधीही जायचो, तिच्याकडं मात्र सांगून. कधी ती म्हणायची, "या की." कधी म्हणायची, "दोन तासांनी या साहेब." दोन तास म्हणजे काय, ते मला कळायचं. मी शिराळ्याच्या स्टँडवर चहा घेत बसायचो. तिला वेळ मिळावा म्हणून फोन करतो, असं मी स्वतःला सांगायचो. मला काही दिसू नये, हेही त्यात होतंच.

ती मात्र एकदाही चुकली नाही. बॅचमागून बॅच काढत राहिली. वस्तीतली चार घरं तुतीवर टिकली आणि त्यात तिचं पहिलं. तिचा फोटो आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लागला, दोन्ही हातांत कोष घेतलेला. ते मोठे साहेब येतात तेव्हा पाहुण्यांना तो दाखवतात.

शेवटच्या भेटीला मी नारळ घेऊन गेलो. तिनं मला नवं धोतर द्यायला काढलं. मी धोतर नेसत नाही हे तिला माहीत होतं, पण रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून. नवरा खाटेवर झोपला होता. कुंपणापर्यंत ती माझ्याबरोबर आली.

"तुमच्या जागी कोन येनार?"

"एक मुलगी आहे. साताऱ्याची. कामाला चांगली आहे."

"मी तिला ते दावायचं का न्हाई?" तिनं विचारलं. "का लपवायचं? तेवडं सांगून जावा."

दाखव म्हटलं, तर ती मुलगी नियमानं कळवणार, आणि या बाईला गाडीत बसवून नेणार. लपव म्हटलं, तर मी तीन वर्षं हिला शिकवलं काय? मी म्हणालो, बघतो. तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो होतो. ती 'बरं' म्हणाली.

चार दिवसांनी मी त्या मुलीला चार्ज दिला. हुशार मुलगी. प्रत्येक भेटीचा फोटो मोबाइलवरून तिथल्या तिथं वर जातो, हे तिनंच मला समजावून सांगितलं. माझ्या वेळी हे नव्हतं, निदान मी ते कधी चालू केलं नव्हतं. टिकलेल्या चार घरांची यादी आम्ही पुढं घेऊन बसलो. कोण कसा, कुणाची शेड गळते, कुणाला पाला कमी पडतो, सगळं तिनं वहीत उतरवून घेतलं. भिंतीवरच्या फोटोकडं बघून ती म्हणाली, "यांच्याकडं तर मी आधी जाणार."

"जा," मी म्हणालो. "पण त्यांच्याकडं जाताना आदल्या दिवशी फोन करून जात जा."

"का सर?"

"एकट्या असतात. कामं असतात त्यांना."

तिनं पेन वहीवर टेकवलं होतं, पण लिहिलं नाही. "भेट न सांगता द्यायची असते ना, सर? नियमात आहे."

"आहे," मी म्हणालो. "तरी फोन करा."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं, ठाऊक नाही. मग तिनं वहीत त्या नावापुढं काहीतरी लिहिलं, आणि काय लिहिलं ते मी विचारलं नाही.